शैलाचा घाम आणि माझा संशय

आमच्या घरात पाळी जातानाच्या त्रासावरचं औषध सगळ्यात आधी घेतलं ते मी.

गुडघे दुखतात म्हणून मी कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणल्या होत्या. आमच्याकडे मासे शिजत नाहीत, पण औषधाला सूट आहे आणि ती कुणाला द्यायची हे मीच ठरवतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींत तशाच पिवळ्या, तशाच बुळबुळीत कॅप्सूल. माझा चष्मा नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावर. महिनाभर रोज सकाळी चहाआधी मी एक गिळत होतो आणि ऑफिसात सांगत सुटलो होतो, की जिना आता सहज चढता येतो. मग एका शनिवारी शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बाटली उजेडात धरली.

"अहो, माझं इव्हिनिंग प्रिमरोज एवढं कसं संपलं?"

आमची मुलगी मुग्धा केंब्रिजहून सुट्टीला आली होती. तिचं मराठी घरी शिकलेलं आणि शाळेत विसरलेलं. ती टोस्ट खाता खाता म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचा गोळी खाल्ला? No wonder. You've been so much nicer lately."

दोघी पुष्कळ वेळ हसल्या. मी मात्र विचारात पडलो. चुकीच्या बाटलीतलं तेल पिऊन माझे गुडघे बरे होत असतील, तर "मला बाई फरक पडला" असं म्हणणाऱ्या जगावर विश्वास कसा ठेवायचा?

मी इंग्लंडात ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत टेस्टर होतो. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम चालत नाही हे दाखवून द्यायचा मला पगार मिळे. संशय हा माझा स्वभाव नव्हे, धंदा आहे, असं मी शैलाला सांगत आलोय. "दोन्ही आहे," असं ती म्हणत आलीय.

हे सगळं तिच्या परवानगीनं लिहितोय. आपल्याकडे या विषयावर बायका एकमेकींत कुजबुजतात आणि पुरुष पेपर वर धरतात. त्या कुजबुजीत आणि पेपरच्या आड आमच्या घरातली एक गोष्ट फार दिवस लपून राहिली. दुसऱ्या कुणाच्या घरात तशी राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. शैलाची अट एकच होती: "मला बिचारी करायचं नाही."

दोन हवामानं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि शैला पन्नाशीला टेकली होती. टीव्ही बघता बघता तिचा गळा लाल व्हायचा, मग कान, मग कपाळावर घाम. ती कार्डिगन भिरकावून मागचं दार उघडायची. बाहेर इंग्लंडातला नोव्हेंबर. मी सोफ्यावर ब्लँकेटात. थर्मोस्टॅट ती उतरवायची, मी चढवायचो, आणि दोघंही आपण हात लावलाच नाही असं सांगायचो.

ती जी.पी.कडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेली. तो टेबलामागूनच म्हणाला, "It's your time of life, Mrs Damle," आणि हार्मोनच्या गोळ्या हव्यात का विचारलं. विचार करून सांगते म्हणून ती घरी आली आणि तिनं सुलभाला फोन लावला.

सुलभा ही शैलाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. स्वभावानं लोण्यासारखी, फक्त तिला थांबवता येत नाही. तिचा नवरा हाडांचा डॉक्टर. आमच्या मराठी मंडळात डॉक्टर इतके, की कुणाला काही झालं तर जी.पी.च्या आधी पंगतीत सल्ला घेतला जातो. सल्ला देणारा हाडांचा आहे की डोळ्यांचा, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नसतं. सुलभाच्या नवऱ्यानं श्रीखंड वाढून घेता घेता निदान केलं होतं: "वहिनी, change of life. थोडं सोसायचं."

सुलभाला सोसणं मान्य नव्हतं, आणि हार्मोनच्या गोळ्या तर मुळीच नव्हत्या. "अगं, त्यातली एक गोळी घोडीच्या मुतापासून करतात, माहितीय?"

गोष्ट खरी होती. गोमूत्र चालणाऱ्या घरात वाढलेली शैला घोडीपाशी मात्र थांबली. दोघी गावातल्या हेल्थ फूडच्या दुकानात गेल्या, आणि आमच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली. इव्हिनिंग प्रिमरोज, बी-सिक्स, जिनसेंग, आणि कुठल्याशा चिनी मुळीची पूड, जिचा वास ओल्या पोत्यासारखा होता.

भिंग

शैला चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवणं, काड्या वाकवून कानामागे नीट करणं, आणि बिजागरीतला तिळाएवढा स्क्रू पिळणं. या स्क्रूत तिचा हात धरणारा दुकानात कुणी नव्हता. मॅनेजर स्वतः हरला की स्क्रू तिच्याकडे यायचा. त्या दुकानातलं एक जुनं भिंग तिनं मला दिलं होतं आणि मी ते बाटल्यांवर चालवलं.

लेबलांवरची भाषा मी आयुष्यात विसरणार नाही. 'मदत होऊ शकते.' 'पारंपरिक वापरातलं.' 'संतुलित आहाराला पूरक.' कोर्टात उभी केली तरी जी कधी काही बोललीच नाही असं सिद्ध होईल, अशी भाषा. माझ्या ऑफिसात कुणी प्रोग्रॅमबद्दल असं लिहिलं असतं, तर मी तो उघडूनही बघितला नसता.

मी त्या दुकानात जाऊन बाईंना विचारलं, या गोळ्यांनी घाम थांबतो का.

"बऱ्याच जणींना फरक पडतो."

"बऱ्याच म्हणजे?"

"Lots," बाई गोड हसून म्हणाल्या.

"आणि ज्यांना पडत नाही त्या?"

"त्या परत येत नाहीत, त्यामुळे कसं सांगणार?"

बाई प्रामाणिक होत्या. माझा संशय दुप्पट झाला.

घरी येऊन मी हे शैलाला सांगितलं. ती कणीक मळत होती. "जी.पी. म्हणतो वय आहे, डॉक्टर भाऊजी म्हणतात सोसा, तुम्ही म्हणता सगळं खोटं. मग मी घामाचं करू काय? तुमच्या भिंगाखाली ठेवू?"

मी भिंग खिशात घातलं. संशय घेणाऱ्याला पर्याय द्यावा लागत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे.

वाण

जानेवारीत सुलभाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. त्या सुमारास तिला हेल्थ फूडचं वेडच लागलं होतं. तिच्या वाणाचं मंडळात नेहमी कौतुक, कारण ती प्लॅस्टिकचं काही लुटत नाही. त्या वर्षी भारतातून आणलेल्या स्टीलच्या छोट्या डब्या होत्या, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, आणि आत हिरव्या चपट्या गोळ्या.

"या गोळ्या कसल्या गं?" कुणीतरी विचारलं.

"समुद्रातल्या पाल्याच्या. औषध नाही हो, भाजीच आहे. केस दाट होतात, अंगावरचं उतरतं."

सगळ्या हसल्या, डब्या पर्समध्ये गेल्या. हे मला शैलानं घरी येऊन सांगितलं. तिनं डबी जेवणाच्या टेबलावर बडीशेपेशेजारी ठेवली. वाण आहे, टाकायचं कसं? जेवण झालं की बडीशेप खाऊन ती दोन गोळ्या तोंडात टाकायची, कधी तीन. चव खारट आहे आणि बरं वाटतं म्हणायची. मंडळाच्या कार्यक्रमाला सुलभा भेटली की डबी पुन्हा भरून द्यायची; वाणाची डबी रिकामी ठेवू नये, असा नियम तिनं स्वतःच काढला होता.

डबीवर लेबल नव्हतं. त्यामुळे माझ्या भिंगाला तिथे काही काम नव्हतं.

पाटल्या

उन्हाळ्यापर्यंत घाम कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आता तो यायचा आणि जायचाच नाही. शैला बसल्या जागी धावून आल्यासारखी दिसायची. बोलणं भरभर, काम भरभर, आणि संध्याकाळी एकदम गळून जायची. क्षुल्लक कारणावरून रडायची. मुग्धाला फोनवर ओरडली आणि मग मुग्धाच मला विचारू लागली, "बाबा, आई माझ्यावर का रागावला आहे?"

सगळ्यांचं उत्तर तयार होतं. वय.

वजन मात्र उतरत होतं. मंडळात बायका तिला विचारायच्या, काय करतेस गं. सुलभा अभिमानानं सगळ्यांकडे बघायची. शैलाही खूश होती. मी खूश नव्हतो, पण बायकोचं वजन कमी होतंय अशी तक्रार करणाऱ्या नवऱ्याचं कोण ऐकणार?

एक दिवस ती भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. तिच्या लग्नातल्या पाटल्या वर्षानुवर्षं साबण लावल्याशिवाय निघत नसत. त्या दिवशी उजव्या हातातली पाटली आपणहून घसरली आणि बेसिनमधल्या फेसात गेली. तिनं ती चाचपून काढली, पुसली, पुन्हा घातली. ती पुन्हा घसरली.

तिची एक मावशी पोटातल्या गाठीनं अशीच वाळत गेली होती. तो शब्द तिनं उच्चारला नाही, मीही नाही. ती फक्त म्हणाली, "कपाटात ठेवून देते आता."



एकेक बाटली बाजूला

प्रोग्रॅम बिघडला की आम्ही एकेक भाग बंद करून बघतो. ज्याच्या बंद होण्यानं बिघाड थांबला तो गुन्हेगार. मी तेच घरी सुरू केलं. आधी जिनसेंगची बाटली उचलून गॅरेजमध्ये लपवली. मग चिनी पूड. मग बी-सिक्स. दर खेपेला थोडे दिवस वाट बघायची, शैलाच्या कपाळाकडे लक्ष ठेवायचं.

फरक शून्य. तिच्या लक्षात आल्यावर मात्र घरात जे झालं त्याला हवामान म्हणता येणार नाही.

"माझ्या शरीरावर टेस्टिंग चालवलंय तुम्ही? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही हे उत्तर होतं ना?"

तिचा हात थरथरत होता. रागानं, असं मला वाटलं. माझ्या संशयाच्या यादीत तोवर दुकानातल्या बाई होत्या, जी.पी. होता, हाडांचे डॉक्टर होते, आणि सुलभासुद्धा होती, कारण तिला त्या दुकानातून काहीतरी मिळत असावं असं मला वाटायचं. आणि एवढं सगळं मनात चालू असताना मी रोज रात्री जेवण झालं की बडीशेप आणि ती डबी शैलापुढे सरकवत होतो. तेवढंच भांडण मिटावं म्हणून.

स्क्रू

सप्टेंबरमधल्या एका सकाळी मला ऑफिसात फोन आला. चष्म्याच्या दुकानाचा मॅनेजर होता. शैलाला ॲम्ब्युलन्समधून नेलंय, शुद्धीवर आहे, काळजी करू नका. 'काळजी करू नका' हे शब्द इंग्रजीत जितके सभ्य वाटतात तितकीच त्यांची भीती वाटते.

काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याचा स्क्रू बसवायचा होता. स्क्रू चिमट्यात धरला आणि तो पडला. दुसरा घेतला, तोही पडला. हात टेबलाला टेकवला तरी थांबेना. गृहस्थ म्हणाले, "Take your time, my dear." आणि त्याच वेळी तिच्या छातीत कुणीतरी मूठभर लाह्या फुटायला टाकल्यासारखं झालं. ती खाली बसली.

"भीती कसली वाटली सांगू?" ती म्हणाली. "मरायची नाही. त्या म्हाताऱ्याच्या समोर स्क्रू पडला याची. आता हे काम गेलं, असं वाटलं."

वॉर्ड

मी पोचलो तेव्हा तिच्या छातीला वायर लावलेल्या होत्या आणि शेजारच्या पडद्यावर एक हिरवी रेघ वेड्यासारखी, कुठलाही ताल न धरता नाचत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ताल नाही एवढं कुणालाही कळलं असतं.

एक तरुण लेडी डॉक्टर आली. तिनं शैलाला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मग ती मागे जाऊन उभी राहिली, शैलाच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि घोटभर पाणी प्यायला सांगितलं. शैलाचा गळा लहानपणापासून किंचित भरलेला आहे. सासूबाईंना तो देखणेपणा वाटायचा, मंगळसूत्र शोभून दिसतं म्हणायच्या. वर्षभरात एकाही डॉक्टरानं तिथे हात लावला नव्हता.

"थायरॉइड असावं असं मला वाटतं," डॉक्टर म्हणाली. "ते फार जोरात चाललंय. रक्त तपासू. हा सगळा घाम तुमच्या वयाचा नाही."

तिला काय वाटलं असेल कोण जाणे, पण आम्ही दोघांनी एकमेकांचा हात धरला. हृदय पिसाळलं होतं, अंगावर वायर होत्या, आणि आम्हाला हलकं वाटत होतं. कारण आमच्या मनातला शब्द तिनं उच्चारला नव्हता.

हृदय आवरायच्या गोळ्या सुरू झाल्या. वॉर्डातले दिवस चहाच्या गाडीवर मोजायचे असतात. सकाळची गाडी, दुपारची गाडी, आणि भेटीच्या वेळेआधीची घंटा. शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई रोज शैलाला विचारायच्या, "Is that your husband, love? He looks worse than you." शाकाहारी म्हटल्यावर जेवणात रोज चीज यायचं. मी थर्मासमध्ये वरणभात न्यायचो. माझा भात म्हणजे लापशी, पण शैलानं एकदाही नाव ठेवलं नाही, आणि त्यावरून ती किती आजारी आहे हे मला कळलं. नर्स पडदा ओढून घ्यायची, म्हणजे तिला हातानं जेवता यावं. असं कुणी सांगितलं नव्हतं तिला.

पिशवी

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइडच. पण डॉक्टरचं समाधान झालं नव्हतं. तिनं मला सांगितलं, घरात जे जे घेत होत्या ते सगळं घेऊन या.

मला याचसाठी जन्माला घातलं होतं. गॅरेजमधल्या, खिडकीतल्या, सगळ्या बाटल्या एका कॅरिअर बॅगमध्ये भरून मी नेल्या आणि शैलाच्या खाटेवरच्या टेबलावर ओळीनं मांडल्या. भिंगही नेलं होतं. डॉक्टरनं एकेक बाटली वाचली आणि बाजूला ठेवली.

"यातलं कुठलंही हे करणार नाही," ती म्हणाली. "फायदा होतो का ते विचारू नका. पण हे करणार नाही."

माझा चेहरा पडला. वर्षभर ज्यांच्यामागे लागलो ते सगळे निर्दोष सुटले होते.

"आयोडीन असलेलं काही? खोकल्याचं औषध? सी-वीड?"

"नाही," मी ताबडतोब सांगितलं. "आम्ही शाकाहारी आहोत."

"सी-वीडही शाकाहारीच असतं," डॉक्टर म्हणाली.

शैला माझ्याकडे बघत होती.

"अहो. ती डबी."

"कुठली डबी?"

"सुलभाची. बडीशेपेजवळची."

"ते औषध आहे?"

"ते वाण आहे," शैला म्हणाली.

डॉक्टर आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. वाण म्हणजे काय हे इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. बायका बायकांना देतात. नाही म्हणता येत नाही. टाकता येत नाही. "आणि रोज खातात?" तिनं विचारलं. नाही, खरं तर खायचं काही नसतं, मी म्हणालो. या वेळी होतं.

त्या संध्याकाळी डबी आणून दिली. सुलभाला दुकानातल्या मूळ डब्यावरचं नाव विचारलं, ते केल्प निघालं. समुद्रातला पाला, आयोडीननं गच्च भरलेला. डॉक्टरनं सांगितलं, ज्यांचा गळा साधा आहे त्यांना कदाचित काहीच होणार नाही. शैलाच्या गळ्याचा भरलेपणा मात्र थायरॉइडची जुनी वाढ होती, आणि ती वर्षानुवर्षं अशा खुराकाची वाट बघत बसली होती. आणि वर तिनं तो मूळ डब्यावर लिहिलेल्यापेक्षा दुपटीनं खाल्ला, बडीशेपेसारखा.

सुलभा

मला सुलभाला चार शब्द सुनवायचे होते. शब्द तयारही होते. शैला म्हणाली, "तिच्याशी मी बोलणार. तुम्ही गाडीत बसा."

मी गाडीत बसलो नाही, पडद्याबाहेर उभा राहिलो.

सुलभा भेटीच्या वेळेला आली, हातात थालीपीठांचा डबा, डोळे सुजलेले. "शैला, तू मला शिव्या दे. ह्यांनी तर दिल्याच घरी. हाडांच्या डॉक्टरला आता सगळं कळतंय."

"शिव्या नंतर. किती जणींना दिल्यास डब्या?"

"सगळ्यांना गं. हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांना."

"मग आधी त्यांना फोन कर. कुणाचा गळा भरलेला आहे, कुणाच्या छातीत धडधडतं, विचार. लाजू नकोस. माझं नाव सांग."

"तुझं नाव? सगळ्यांना कळेल की तुला..."

"पाळी गेली ते? कळू दे. नाहीतर काय, एकटीचीच गेलीय माझी?"

सुलभानं त्या रात्री सगळ्यांना फोन केले. बाकी कुणालाही काही झालं नव्हतं. बऱ्याच जणींनी डबी रिकामी करून तिच्यात वेलदोडे ठेवले होते. म्हणजे सुलभाचं वाण मनापासून पाळलं ते फक्त माझ्या बायकोनं. आणि दुकानातून तिला काही मिळत नव्हतं. ती सगळं पदरचं आणत होती. माझा तोही संशय वाया गेला.

सावकाश

केल्प बंद झालं म्हणून दुसऱ्या दिवशी काही सगळं ठीक झालं नाही. गोळ्या, रक्त तपासणं, पुन्हा गोळ्या. घरी आल्यावरही शैला जिन्याच्या मध्यावर थांबायची आणि मी खाली उभा राहायचो, ती पडली तर झेलायला. माझे गुडघे बघता दोघंही तळाशी सापडलो असतो. पण हळूहळू हात थांबला. ती दुकानात परत गेली, त्या दिवशी मॅनेजरनं तिच्यासाठी एक स्क्रू मुद्दाम राखून ठेवला होता. तिनं तो पहिल्या फटक्यात बसवला आणि मला ऑफिसात फोन केला. पाटल्यांना साबण लागायला मात्र बराच काळ गेला.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर माझं सांगणं थोडकं आहे. गोळ्या घ्या की घेऊ नका, ते तुमचं तुम्ही आणि तुमचा डॉक्टर ठरवा. पण डॉक्टरला सांगताना तोंडात जाणारं सगळं सांगा. बाटलीतलं सांगतोच आपण. डबीतलं, पुडीतलं, मैत्रिणीनं प्रेमानं दिलेलं, भाजीच आहे म्हणून दिलेलं, तेही सांगा. आणि सगळं वयावर ढकलणाऱ्या डॉक्टरला निदान एकदा गळ्याला हात लावायला सांगा. मला माणसांवर आणि लेबलांवर संशय घेता येत होता. जिथे लेबलच नाही आणि माणूस आपलं आहे, तिथे कसा घ्यायचा ते माहीत नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे झालं. शैलानं वाण म्हणून चष्मा पुसायची मऊ फडकी लुटली. प्रत्येकीच्या हातात देताना तिनं बजावलं, "हे खायचं नाही." सगळ्यांत मोठ्यांदा सुलभा हसली, आणि मग तिनं ते फडकं चष्म्याखाली नेऊन डोळे पुसले.

बायका गेल्या. मी कपबशा गोळा करत होतो. शैला सोफ्यावर टेकली आणि मी बघितलं, तिचा गळा लाल झाला होता. मग कान. मग कपाळावर घाम. मी हातातली बशी ठेवली आणि स्वयंपाकघरात धावलो. कपाट उघडलं, मसाल्याचे डबे बाजूला केले, बडीशेप हुंगली, तिळगुळाचा डबा उलटा करून खालचं लेबल वाचायला भिंग शोधू लागलो.

थोड्या वेळानं ती दारात येऊन उभी राहिली. कार्डिगन काढलेलं, नाडी स्वतःच बोटांनी धरलेली. ती मनाशी ठोके मोजत होती आणि ठोके तालात होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अहो," ती म्हणाली, "हा माझा स्वतःचा आहे. कपाट बंद करा आणि खिडकी उघडा."